हळू आयन गॅसच्या रेणूला भिडला की उजेड कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचा एक एमएस्सीचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी छोट्या आयन बीमवर काम करतोय. एक केईव्हीचे (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे) हिलियम आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, नायट्रोजन भरलेल्या गॅस सेलमधनं सोडले की मोनोक्रोमेटरवर (उजेडातली एकेक तरंगलांबी वेगळी काढणाऱ्या यंत्रावर) ३९१ आणि ४२८ नॅनोमीटरला ठळक सिग्नल मिळतो. त्याचं म्हणणं, आयनचा वेग रेणूतल्या इलेक्ट्रॉनच्या वेगापेक्षा एवढा कमी, मग इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातोच कसा? आणि दुसरं, हा उजेड आयनमुळेच येतोय, इकडेतिकडे फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे नाही, हे ठरवायचं कसं?

दोन्ही प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलेत. मी ऐरोलीला राहते, आयुष्यातला मोठा काळ आयन सोर्स, पंप आणि पीएमटी (एकेक फोटॉन मोजणारी नळी) यांच्यातच गेलाय, आणि या विषयावर बोलायला मला कधीच कंटाळा येत नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बस.

आधी हळू म्हणजे किती ते बघू. एक केईव्हीचा हिलियम आयन सेकंदाला साधारण २२० किलोमीटर जातो. ऐकायला प्रचंड वाटतं, पण हायड्रोजन अणूतला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २,१९० किलोमीटरने फिरतो, म्हणजे तुझा आयन त्याच्या एक दशांशच. आमच्या भाषेत हळू-जलद ठरतं ते या इलेक्ट्रॉनच्या वेगावरनं. आयनला रेणूच्या शेजारनं, समज पाच अँगस्ट्रॉमच्या टप्प्यातनं, जायला दोन-सव्वादोन फेम्टोसेकंद लागतात आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉनच्या पंधराएक फेऱ्या होऊन जातात. म्हणजे इलेक्ट्रॉनला आयन जवळ येताना दिसतो, त्याप्रमाणे तो आपली कक्षा थोडी वाकवून घेतो, आयन निघून गेला की परत पूर्ववत होतो. झोपाळा हाताने अगदी सावकाश पुढे नेला आणि तितक्याच सावकाश मागे आणून सोडला तर तो झुलत नाही ना, तसंच. त्यामुळे तुझी शंका अगदी रास्त आहे, नुसत्या धक्क्याने इलेक्ट्रॉन वर जायचा तर या वेगाला ते फार अवघड आहे.

पण आयन म्हणजे नुसता गोळा नव्हे. त्याच्यात एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी आहे आणि ती जागा खोल आहे. हिलियम आयनने एक इलेक्ट्रॉन परत घेतला तर २४.५९ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोकळे होतात. नायट्रोजनच्या रेणूतनं इलेक्ट्रॉन काढायला लागतात १५.५८. म्हणजे रेणूजवळनं जाताना आयनने त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला तर नऊ इलेक्ट्रॉनव्होल्ट शिल्लक उरतात आणि ते कुठेतरी जायलाच हवेत. काही वेळा त्यातला एक वाटा मागे उरलेल्या रेणू-आयनला वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो. नायट्रोजन रेणू-आयनची बी नावाची वरची पातळी, मूळ रेणूपासून मोजली तर, १८.७५ वर आहे. तिथनं तो खाली १५.५८ वर आला की मधले ३.१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रकाशात जातात, आणि ३.१७ म्हणजेच ३९१.४ नॅनोमीटर. ४२७.८ चा पट्टाही तिथनंच निघतो, फक्त खाली येताना रेणू एक कंपनपातळी (रेणूतले अणू एकमेकांशी हलतात त्या ऊर्जेची पायरी) वर थांबतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की हळू टकरीतला उजेड बघताना आयनकडे किती वेग आहे हे नंतर बघायचं, आधी त्या रिकाम्या जागेची खोली आणि समोरच्या रेणूच्या पातळ्या यांचा हिशेब कागदावर मांडायचा. चार्ज एक्सचेंज, म्हणजे आयनने रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेणं, हा या सगळ्याचा मुख्य रस्ता आहे आणि प्रकाशाची ऊर्जा बहुतेक वेळा त्या जागेतनंच येते.

आता हा हिशेब जरा बारकाईने करू, कारण खरी गंमत इथे आहे. हळू टकरीत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण सगळ्यात सोपी कधी होते, तर आधीच्या आणि नंतरच्या ऊर्जेत फरक जवळजवळ शून्य असतो तेव्हा. फरक जास्त असेल तर त्याला भरून काढायला वेग लागतो. मॅसीचा ढोबळ नियम आहे, फरक गुणिले टकरीची लांबी (जितक्या अंतरात दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो ती), भागिले प्लँकचा स्थिरांक, हा वेग साधारण जिथे येतो तिथे ती प्रक्रिया जोरात चालते. लांबी सात अँगस्ट्रॉमच्या आसपास धरायची पद्धत आहे. एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फरकाला त्यातनं सेकंदाला १७० किलोमीटर निघतात, प्रोटॉनसाठी ते दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि हिलियमसाठी सहाशेला येतात. तुझ्या बी पातळीचा फरक मात्र २४.५९ उणे १८.७५, म्हणजे ५.८४ आहे, त्याला नियमाप्रमाणे सेकंदाला जवळजवळ हजार किलोमीटर हवेत, म्हणजे हिलियमला वीस केईव्ही. तू आहेस एक केईव्हीवर. मग ३९१ दिसतंच कसं?

त्याची दोन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे हा नियम दूर-दूर असलेल्या आयन आणि रेणूच्या पातळ्या धरून चालतो. ते जवळ आले की दोघांच्या पातळ्या सरकतात, आणि हिलियम आयन अधिक नायट्रोजन रेणू ही जोडी आणि हिलियम अणू अधिक वरच्या पातळीवरचा रेणू-आयन ही जोडी, यांच्या ऊर्जेच्या रेषा कुठल्यातरी अंतरावर एकमेकींना छेदतात किंवा अगदी जवळ येतात. तिथे फरक जवळजवळ नाहीसाच होतो आणि इलेक्ट्रॉनला पलीकडे जायची वाट मिळते. म्हणून मॅसीचा नियम अंदाजाला ठेवायचा, शेवटचा शब्द म्हणून नाही.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं, आणि विद्यार्थी हे सहसा बघत नाहीत. ३९१ हा तुझ्या टकरींचा छोटासाच वाटा आहे. नायट्रोजन रेणू-आयनला आणखी वर एक सी पातळी आहे, २३.५८ वर. तिची चौथी कंपनपातळी जवळजवळ २४.५९ लाच येते, म्हणजे हिलियम आयनशी नेमकी जुळते. त्यामुळे हळू हिलियमची ओढ तिकडे असते. पण सी पातळीचा प्रकाश बहुतेक २०० नॅनोमीटरच्या खाली, हवेतनं न जाणारा, आणि तुझी काचेची खिडकी आणि पीएमटी त्याला बघतच नाहीत. वर आणखी एक गोष्ट, नायट्रोजन अणू आणि नायट्रोजन आयन असे दोन तुकडे व्हायला २४.२९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, त्यामुळे सी पातळीवर तिसऱ्या कंपनापासून वर गेलेले रेणू बरेचसे प्रकाश द्यायच्या आधीच तुटतात. म्हणजे तुला दिसणारा उजेड हा टकरीचा मुख्य निकाल नाहीच, तो बाजूचा रस्ता आहे. तुझ्या रिपोर्टमध्ये हे वाक्य नक्की लिही, परीक्षकाला तू विषय समजून घेतलायस हे लगेच कळेल.

तुलनेसाठी आर्गॉन घे. आर्गॉन आयनची जागा १५.७६ इतकीच खोल, नायट्रोजनच्या १५.५८ ला पुरून उरतात फक्त ०.१८. इलेक्ट्रॉन घेतला तरी उजेड पाडायला काही शिल्लक नाही. बी पातळीला जायला वरचे तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट धावण्यातनंच आणावे लागतात, आणि ते सगळे कामाला येत नाहीत, कारण टकरीनंतर जोडीचं एकत्र पुढे जाणं चालूच राहतं. कामाला येतो तो वाटा २८ भागिले ६८, म्हणजे नायट्रोजन रेणूचं वस्तुमान भागिले दोघांचं मिळून. म्हणून उंबरठा तीनवर न येता बीमच्या ऊर्जेत साडेसातच्या जरा खाली येतो. इथे मात्र प्रकाशाची ऊर्जा खरोखर वेगातनं येते. हे दोन आयन शेजारी ठेवून मोजलेस तर तुझा प्रोजेक्ट एकदम उभा राहील.

आणि ऊर्जा शिल्लक आहे म्हणून प्रक्रिया होईलच असंही धरू नकोस. हिलियम आयन आणि हायड्रोजन रेणू घे, २४.५९ विरुद्ध १५.४३, नऊ इलेक्ट्रॉनव्होल्ट हातात, तरी खोलीच्या तापमानाला ही प्रक्रिया जितक्यांदा टक्कर होते त्याच्या हजाराव्या भागाइतकीसुद्धा होत नाही. जुळणारी पातळी नाही, सोयीची छेदाची जागा नाही, मग नुसती ऊर्जा काय कामाची.

हे सगळं टेबलावरचंच आहे असं समजू नकोस. १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीजवळनं गेला तेव्हा रोसाट उपग्रहाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यातनं एक्स-रे येताना दिसले. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ, एक्स-रे द्यायला लाखो अंशांचा गॅस लागतो अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे सगळे चकित. पुढच्याच वर्षी क्रॅव्हन्स यांनी मांडलं की सौर वाऱ्यात सात इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्सिजन आयन, तसेच कार्बनचे आयन असतात, ते धूमकेतूभोवतीच्या पाण्याच्या वाफेच्या रेणूंचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात, तो इलेक्ट्रॉन आधी वरच्या कक्षेत, चौथ्या-पाचव्या पातळीवर बसतो आणि पायरी पायरीने खाली येताना एक्स-रे देतो. आता वेग बघ. सौर वारा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर, आणि एक केईव्हीचा प्रोटॉन सेकंदाला ४४० किलोमीटर. म्हणजे धूमकेतूजवळची टक्करही तुझ्या टेबलावरच्या टकरीसारखीच हळू आहे! पाण्यात १२.६ इलेक्ट्रॉनव्होल्टने धरलेला इलेक्ट्रॉन, आणि बाहेर पडणारा फोटॉन साडेपाचशेच्या वर इलेक्ट्रॉनव्होल्टचा. ही ऊर्जा धक्क्याची असूच शकत नाही, ती सगळी त्या खोल रिकाम्या जागेची. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण ज्याला वाटतं हळू आयन काय करणार त्याला हे एकच उदाहरण पुरतं. असे जास्त चार्जचे हळू आयन बनवायला ईसीआर सोर्स (मायक्रोवेव्ह आणि चुंबकीय क्षेत्र वापरणारा आयन सोर्स) लागतो, कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) तसा आहे, पुढे याच विषयात जायचं असेल तर तिकडचं काम बघ.

आता तुझा स्पेक्ट्रम. ३९१.४ चा पट्टा जवळनं बघ, स्लिट शक्य तितकी बारीक कर. लाल बाजूला त्याची कडा जवळजवळ सरळ तुटलेली दिसेल आणि जांभळ्या बाजूला, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, शेपूट पसरलेली दिसेल. ही शेपूट रेणूच्या फिरण्याची आहे, रेणू जितका जास्त गरगरतोय तितकी ती लांब जाते. या शेपटीतच ३८८.४ ला पुढच्या कंपनपातळीचा पट्टा आहे आणि अगदी त्याच्या कडेला, ३८८.९ ला, हिलियम अणूची स्वतःची रेषा. दोन्ही सहज एकमेकांत मिसळतात. हिलियमची रेषा जोरात असेल, आणि सोबत ५८७.६ ची पिवळी रेषाही असेल, तर आधी सोर्सच्या डिस्चार्जचा उजेड आरपार येतोय का ते बघ, कारण एक केईव्हीला हिलियमने नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन थेट त्या वरच्या पातळीवर घ्यायचा तर चौदा इलेक्ट्रॉनव्होल्टची तूट पडते, ते या वेगाला भरपूर व्हायचं नाही.

३९१.४ आणि ४२७.८ एकाच वरच्या पातळीवरनं निघतात म्हणून त्यांचं प्रमाण ठरलेलं आहे, साधारण तीनास एक. बीम बदल, ऊर्जा बदल, ते बदलत नाही. तुझ्याकडे वेगळंच आलं तर तो निसर्ग नाही, तुझ्या ग्रेटिंग आणि पीएमटीची त्या दोन ठिकाणची संवेदनशीलता आहे, आणि फुकटात कॅलिब्रेशन मिळालं असं समज. याउलट ४२७.८ च्या शेजारचा ४२३.६ चा पट्टा बघ, तो पहिल्या कंपनपातळीवरनं निघतो. जलद प्रोटॉन किंवा जलद इलेक्ट्रॉनने मारलं तर या दोघांचं प्रमाण एक ठरावीक येतं, कारण रेणूला हलायला वेळच मिळत नाही. पण आयनचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या खाली गेला की पहिल्या पातळीवर जास्त रेणू सापडायला लागतात, कारण हळू येणारा आयन रेणूचा बंध आधीच ताणून ठेवतो. तू सेकंदाला २२० वर आहेस म्हणजे हा परिणाम तुला दिसायलाच हवा. दिसला तर तो तुझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला पुरावा, कारण इलेक्ट्रॉन असं करत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नावर येते. आयन स्लिटच्या कडेला किंवा फॅराडे कपवर (बीमचा करंट मोजणाऱ्या धातूच्या कपवर) आपटले की धातूतनं इलेक्ट्रॉन सुटतात, ते परत गॅसमध्ये शिरतात आणि त्यांचा स्वतःचा उजेड पाडतात. हे ओळखायची सगळ्यात छान खूण म्हणजे ३३७.१ नॅनोमीटर, नायट्रोजनच्या न तुटलेल्या, चार्ज नसलेल्या रेणूचा पट्टा. त्याची वरची पातळी ट्रिपलेट (दोन इलेक्ट्रॉनचे स्पिन एकाच दिशेने) आहे आणि मूळ रेणू सिंगलेट (स्पिन जोडीने उलटसुलट), म्हणजे स्पिन उलटावा लागतो. येणारा इलेक्ट्रॉन रेणूतल्या इलेक्ट्रॉनशी जागा बदलून हे सहज करतो. प्रोटॉनकडे बदलायला इलेक्ट्रॉनच नाही, त्याला ते जमत नाही. म्हणून एक दिवस सोर्समध्ये हिलियमऐवजी हायड्रोजन सोड, प्रोटॉनचा बीम निवड, तोच नायट्रोजन सेलमध्ये ठेव आणि ३३७ बघ. दिसलं तर ते एकतर भटके इलेक्ट्रॉन आहेत किंवा वाटेत इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन अणू झालेला बीम. प्रेशर कमी करत गेल्यावर ३३७ चा सिग्नल प्रेशरपेक्षा जलद घटेल तर अणूंचा वाटा, कपच्या तोंडाशी उणे शंभर व्होल्टची रिंग लावल्यावर घटेल तर इलेक्ट्रॉन. हिलियम आयनकडे एक इलेक्ट्रॉन शिल्लक असतो, त्यामुळे फक्त हिलियमने ही परीक्षा घेतलीस तर निकाल पक्का म्हणता येत नाही.

प्रेशरचा आलेख तर काढायलाच हवा, त्याशिवाय मी कुठलाही आकडा मान्य करत नाही. एक मिलीटॉरला एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे बत्तीस लाख कोटी रेणू असतात. एकूण चार्ज एक्सचेंजचा क्रॉस सेक्शन (ती प्रक्रिया व्हायची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ) दहाचा उणे पंधरावा घात चौरस सेंटिमीटर या दर्जाचा धरला आणि सेल पाच सेंटिमीटरची, तर सोळा टक्के आयन सेलमध्येच न्यूट्रल होतात. म्हणजे पुढच्या भागातला उजेड आयनचा आणि मागच्या भागात अणूंचीही भेसळ. ०.२-०.३ मिलीटॉरपर्यंत खाली ये, सिग्नल आणि प्रेशरची रेषा सरळ येतेय आणि शून्यातनं जातेय हे बघ, मगच पुढे जा. प्रेशर मोजायला पिरानी गेज वापरू नकोस, ते गॅसप्रमाणे वेगळं दाखवतं, कपॅसिटन्स मॅनोमीटर (गॅस कुठलाही असो, थेट दाब मोजणारं गेज) मिळवच.

बीम बंद करून बॅकग्राउंड घेताना सोर्स बंद करू नकोस. डिफ्लेक्टर प्लेटवर व्होल्टेज देऊन बीम बाजूला वळव, म्हणजे तापलेल्या फिलामेंटचा उजेड तसाच राहील आणि वजा होऊन जाईल. सोर्स बंद केलास तर फिलामेंटचा उजेडही जातो आणि तो सगळा तुझ्या सिग्नलमध्ये जमा होतो.

सिग्नल किती यायला हवा याचाही अंदाज आधी काढून ठेव, नाहीतर आलेल्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. एक मायक्रोअँपियर बीम म्हणजे सेकंदाला सहा लाख कोटी आयन. ३९१ चा क्रॉस सेक्शन उदाहरणादाखल दहाचा उणे सतरावा घात मानू, एक मिलीटॉर, एक सेंटिमीटर लांबी बघतोयस. गुणाकार केला की सेकंदाला दोनशे कोटी फोटॉन, सगळ्या दिशांना. त्यातला हजारावा भाग लेन्समध्ये येतो, मोनोक्रोमेटर त्यातला दहावा भाग पुढे सोडतो, पीएमटी पाचातला एक मोजतो, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार काउंट्स. ०.३ मिलीटॉरला बारा हजार. तुझ्याकडे काही शेकडेच येत असतील तर लेन्सची अलाइनमेंट किंवा स्लिट बघ, लाखांनी येत असतील तर आधी बाहेरचा उजेड शोध.

प्रोटॉन वापरशील तेव्हा ६५६.३ ची हायड्रोजनची लाल रेषाही बघ, ती वेगळ्याच कारणाने शिकवून जाते. इथे उजेड धावणाऱ्या अणूतनं येतो. एक केईव्हीला बीमच्या दिशेने बघितलं तर रेषा जवळजवळ एक नॅनोमीटर सरकते, नव्वद अंशांतनं बघितलं तर सरकतच नाही, आणि ५४.७ अंशांतनं बघितलं तर ०.५५ नॅनोमीटर सरकते, शिवाय त्या कोनात पोलरायझेशनची भानगडही मिटते. वाफेतल्या पाण्याचा हायड्रोजन मात्र न सरकता जागेवर राहतो, त्यामुळे गळती आणि ओल लगेच वेगळी ओळखू येते. ध्रुवीय प्रकाशात हायड्रोजनच्या रेषा व्हेगार्ड यांना १९३९ मध्ये दिसल्या होत्या, १९५० मध्ये माइनेल यांनी त्यांचं हेच सरकणं मोजलं आणि प्रोटॉन बाहेरून वातावरणात घुसतात हे पक्कं झालं.

आणखी एक, सेलच्या बाहेरही बघ. ३९१ देणारा रेणू-आयन जागेवरच असतो, साठ-बासष्ट नॅनोसेकंदात तो फार तर मिलीमीटरच्या काही शतांश सरकेल. पण धावणाऱ्या हायड्रोजनची ३-एस पातळी १६० नॅनोसेकंद टिकते, तेवढ्यात अणू सात सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ३-डी पातळी १५-१६ नॅनोसेकंद टिकते, ती सात मिलीमीटरमध्ये संपते. लेन्स बीमच्या बाजूने हळूहळू सरकवत नेलीस तर लाल उजेड सेलच्या पलीकडे कसा विरत जातो ते मोजता येतं आणि त्या घसरणीतनं कुठल्या पातळीवर किती इलेक्ट्रॉन गेले ते वेगळं करता येतं. हे मोजमाप मला सगळ्यात सुंदर वाटतं, नुसती लेन्स सरकवायची आणि अणूच्या आत काय झालं ते समोर येतं.

जून आलाय म्हणून थोडं व्हॅक्यूमचं. खाडीची दमट हवा चेंबरमध्ये शिरली की भिंतींना पाण्याचा थर बसतो आणि मग दोन दिवस ३०९ च्या आसपास ओएचचा पट्टा आणि न सरकलेली लाल रेषा पाठ सोडत नाही. चेंबर उघडायचाच असेल तर कोरड्या नायट्रोजनने व्हेंट कर, उघडा ठेवायचा वेळ कमीत कमी ठेव, बंद करून हीटिंग टेपने शंभर-एकशेवीस अंशांवर रात्रभर बेक कर, व्हिटॉनच्या ओ-रिंगा असतील तर त्याच्या फार वर जाऊ नकोस. हाय व्होल्टेजच्या फीडथ्रूचं सिरॅमिक बाहेरनं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे, पावसाळ्यात त्याच्यावरनं करंट सरपटतो आणि बीमची ऊर्जा तुझ्या नकळत हलते. लेन्स सरकवायची छोटी रेल हवी असेल तर वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडनं करून घे, फक्त चेंबरच्या आत जाणाऱ्या कुठल्याही तुकड्याला कटिंग ऑइल राहू देऊ नकोस.

शेवटची गोष्ट सोर्सबद्दल, कारण वरचा सगळा हिशेब हिलियम आयन सगळ्यात खालच्या पातळीवर आहे हे धरून केलाय. डिस्चार्जमध्ये काही आयन ४०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट वरच्या पातळीवर तयार होतात आणि ते जवळजवळ दोन मिलीसेकंद तसेच राहतात, म्हणजे तुझ्या सेलपर्यंत आरामात पोचतात. त्यांच्याकडे इतकी ऊर्जा असते की थोडेसे असले तरी पट्ट्यांची प्रमाणं बिघडवतात. न्यूट्रल हिलियमपासून तिथवर जायला ६५.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून डिस्चार्जचं व्होल्टेज साठच्या खाली ठेवून एकदा मोज, मग ऐंशी-नव्वदला नेऊन मोज, बीमच्या करंटने भागून दोन्ही स्पेक्ट्रम एकावर एक ठेव. फरक नसेल तर बिनधास्त पुढे जा, असेल तर सगळं साठच्या खालीच घे, करंट कमी मिळाला तरी चालेल. हे दोन आलेख काढलेस की मला पाठव, ४२३.६ चं प्रमाण मला तुझ्या आकड्यांत बघायचंय.